थाळी पुढे गेली

गुरु. २८ ऑगस्ट

चवथीची सुट्टी. कंपनी सोमवारपर्यंत बंद, डिचोलीच्या बाजारात चिटपाखरू नाही. गडहिंग्लजहून पोटासाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती नवराबायकोला या दिवसांत काम नसतं. सुवार्ता म्हणाली, घरात बसलाय तर पंखे पुसा. एक पुसला.

७ तारखेच्या उपासनेत संदेश देणं माझ्याकडे आलंय. पाळकसाहेबांचा घसा बसलाय, ते फक्त प्रभुभोजन देणार. विषय त्यांनीच दिला: मूर्तिपूजा आणि आज्ञाभंग, जुने संदेष्टे आज आपल्याला काय शिकवतात. पुढचे रविवारही मलाच सांभाळायचेत. मंडळीचा वडील आहे मी, म्हणजे चर्चचा कारभारी, नाही कसं म्हणणार. (खरं म्हणजे फार बरं वाटलं.)

दुपारी मंदाचं स्टेटस पाहिलं. स्टुलावर उभी राहून माटोळी बांधतेय! इकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला सुपारीचे घोस, तवशी (गावठी काकड्या), कवंडळं, रानातलं काय काय लटकवतात, तीच. शेजारी तिचे म्हातारे वडील. खाली लिहिलंय, ‘बाबा आनि मी’. लपवाछपवीसुद्धा नाही.

बाप्तिस्मा घेऊन वर्षं झाली या बाईला. नवरा आमच्याच कंपनीत होता, तो आजारी पडला तेव्हा दवाखान्यात मंडळीच बसून होती. तो गेल्यावर माहेरी कोरगावला गेली, तरी म्हापशाला बस बदलून दर रविवारी येते, हे मान्य. पण म्हणून हे चालवून घ्यायचं?

फोटो ठेवून घेतला.


शनि. ६ सप्टें.

संदेश तयार. यिर्मया घेतलाय. पोरं लाकडं गोळा करतात, बाप जाळ करतात, बाया कणीक मळून आकाशराणीला पोळ्या करतात, तो भाग. आख्खं घर कसं मूर्तीच्या कामाला लागतं! माटोळीला अगदी चपखल. नाव घ्यायचं नाही, पण कळायला पाहिजे.

सु.ला वाचून दाखवलं. म्हणाली, “बरं हाय.” बरं हाय म्हणजे तिला आवडलेलं नाही.

झोपायच्या आधी नव्या चर्चची कोनशिला पलंगाखालून ओढून बघितली. काळा ग्रॅनाईट, सोनेरी अक्षरं. ‘बांधकाम समिती अध्यक्ष: वडील श्री. शमुवेल’ आणि खाली आडनाव. साखळी गावच्या कारागिराने काम सुरेख केलंय. अजून मंडळी हार्डवेअरच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीतच भरते, कारापूरच्या जागेचं बोलणं पक्कं व्हायचंय. पण शिला तयार असली की लोकांना हुरूप येतो. निदान मला येतो.

गेल्या महिन्यात घरी प्रार्थनेला सगळे जमले तेव्हा दाखवली होती. मंदा मोठ्याने म्हणाली, “दादा, नाव बरा कोरल्यानी. पण घर खय असा ओ?” सगळे खो खो हसले. मीही हसलो.


रवि. ७ सप्टें.

संदेश जोरात झाला. “आपल्यातली एक बहीण परवा स्टुलावर चढली होती,” असं म्हटल्याबरोबर खोली चिडीचूप. मंदा खिडकीजवळ बसलेली. मान खाली नाही घातली तिने, माझ्याकडेच बघत होती.

मग प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, थाळी माझ्याकडे दिली आणि डोळे मिटून प्रार्थनेत गेले. मी ओळीओळीने थाळी फिरवत गेलो. मंदाने हात पुढे केला. मी थाळी तिच्या पुढ्यात नेलीच नाही, शेजारच्या बाईपुढे धरली आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

आमच्याकडे सगळ्यांपर्यंत तुकडा पोचला की पा.सा. सांगतात आणि मग एकदमच खातात. सगळ्यांनी खाल्लं तेव्हा तिचा तळहात तसाच मांडीवर उघडा होता. रिकामा. पा.सां.नी डोळे उघडले तोपर्यंत गाणं सुरू झालं होतं, त्यांना काही कळलं नाही.

कोणाला वगळायचं असेल तर आधी त्या माणसाशी बोलायचं, मग पा.सा. ठरवणार, असा नियम आहे. मला माहीत आहे. पण कोणीतरी कडक व्हायला हवं होतं. तिघांनी हात हातात घेऊन सांगितलं, दादा, असा संदेश ऐकला नव्हता.

घरी येताना सु. म्हणाली, “पाव तिनंच आणलेला.”

पहिल्या रविवारी मंदाच आणते. कोरगावच्या पाववाल्या पदेराकडून पहाटे ताजे उंडे, गोल पाव, घेते, कागदात बांधून दोन बसमधून आणते, इथे आल्यावर कडा कापून तुकडे करते. आजही केले होते. मला ते आठवलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पण थाळी हातात घेतली तेव्हाच आठवलं होतं.


सोम. ८ सप्टें.

पॅकिंग लाईन दोनदा बंद पडली. पोरांवर ओरडलो.

सु. जेवणापुरतं बोलते आहे.


रवि. १४ सप्टें.

मंदा आली नाही. बरंच झालं, विचार करू दे, असं मनात म्हटलं. तरी जिन्यात पावलं वाजली की नजर दाराकडे जात होती.

आज यशया. एक सुतार झाड तोडतो, अर्धं लाकूड चुलीत घालतो, त्यावर भाकरी भाजतो, शेकतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्यापुढे लोटांगण घालतो. रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. मला हसवता येतं.

जेवताना सु. म्हणाली, “त्या सुताराला निदान भाकरी तरी भाजून मिळाली. तुमच्या दगडाचं काय?”

“कुठला दगड?”

“पलंगाखालचा. मी रोज केर काढताना त्यो सरकवतो, पुसतो, परत जागेवर ठेवतो. पुसायला मऊ कापड पण तुम्हीच आणून दिलंय. माझ्या बानं सांगितलेलं, पोरी, तुझ्या सासरी देव्हारा नाही, सुटलीस.”

आणि वर आमटी वाढली. चेष्टेच्या सुरात बोलली, पण हसली नाही. मी उठून हात धुतले.


मंगळ. १६ सप्टें.

दोन दिवस सु.वर चिडलो होतो. आज चीड संपली आणि खाली जे निघालं ते लिहून टाकतो, कोणाला दाखवायचं नाही.

दगड मी रोज बघतो. कामावरून आल्यावर चहाच्या आधी. सु. मोरीत असेल तेव्हा वाकून कापड बाजूला करतो, नाव वाचतो, परत झाकतो. का वाचतो? माझं नाव मला ठाऊक नाही काय?

आणि दुसरं. मंदा हसली त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात होती. फोटो दिसला तेव्हा मला दुःख झालं नव्हतं. सापडली, असं वाटलं होतं. तोच शब्द. देवाच्या नावाने आवाज चढवला आणि काढला तो स्वतःच्या अपमानाचा सूड, एका विधवेवर, तिनेच आणलेला पाव हातात धरून.

लाज वाटते. नुसती वाटते म्हणण्यापेक्षा, अंगाला लागल्यासारखी आहे, कामावर गेलो तरी सुटत नाही.


शुक्र. १९ सप्टें.

पा.सां.चा फोन. घसा अजून घोगरा. ते बेळगावकडच्या मंडळ्या करत फिरतायत. कोणीतरी त्यांना माझ्या संदेशाचं कौतुक सांगितलं. म्हणाले, “यिर्मया घेतलात म्हणे. सुरुवात कुठून केलीत? देवळाच्या दारापासून की कणकेपासून?”

“कणकेपासून.”

“हं,” म्हणाले, आणि पावसापाण्याचं विचारून फोन ठेवला.

पुस्तक काढलं. कणीक मळणाऱ्या बायांच्या थोडं वरच, त्याच पानावर, संदेष्टा देवळाच्या दारात उभा आहे. बोलतोय तो शेजारच्या देशातल्या लोकांशी नाहीच. उपासनेला आत निघालेल्या, देऊळ आमचं देऊळ आमचं म्हणणाऱ्या माणसांशी. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळू नका, मग या, असं सांगतोय. मी ते वाचलं नव्हतं असं नाही. तयारी करताना बोट तिथून खाली सरकवलं होतं. पेन्सिलची खूण आहे.

आपल्याकडे मूर्तींवर बोलायचं म्हटलं की आपण खिडकीबाहेर बोट दाखवतो. दुसऱ्याच्या घरातला गणपती, दुसऱ्याची माटोळी. आणि हे सगळे संदेष्टे तर आपल्याच घरातल्या माणसांवर ओरडलेत. इतकी वर्षं शिकवतोय मी हे!


रवि. २८ सप्टें.

यहेज्केल घेतला आणि फसलो. मंडळीचे वडील संदेष्ट्याकडे येतात, अदबीने समोर बसतात. देव त्याला सांगतो, यांनी आपल्या मूर्ती आपल्या मनात बसवल्यात, यांना मी उत्तर द्यावं काय?

वडीलच होते ते. संदेश लवकर आटोपला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कोणीतरी लिंबू सरबत आणून दिलं.

खिडकीजवळची खुर्ची रिकामीच आहे. तिथे कोणी बसतही नाही. तिला कोणी फोन केला का, असं एकदोघांना विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर मलाच विचारलं असतं.


गुरु. २ ऑक्टो.

सुट्टी. सकाळी स्कूटर काढली. सु.ला सांगितलं, कोरगावला जाऊन येतो. तिने काही न बोलता डब्यात चपात्या भरून दिल्या आणि मंदासाठी म्हणून शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधली.

अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ. तिथपर्यंत मनात बोलणं जुळवत होतो. मंदाताई, माझं चुकलं. धारगळला आलो आणि स्कूटर मोप्याच्या रस्त्याला लागली. लागली म्हणजे, मीच वळवली. वर पठारावर विमानतळाच्या कुंपणाबाहेर गाड्या लावून लोक विमानं बघत होते. मीही बघत बसलो. चपात्या तिथेच खाल्ल्या.

योनाची गोष्ट संडेस्कूलच्या पोरांना किती वेळा सांगितली असेल. पूर्वेला जा म्हटलं, तो पश्चिमेच्या तारवात बसला. पोरं हसतात, मीही हसायचो. ज्याला काही समजलेलं नसतं त्याच्याकडून चूक होते. मला रस्ता माहीत होता, पेट्रोल होतं, सुट्टी होती. याला आज्ञाभंग म्हणतात.

घरी येऊन सांगितलं, ती घरी नव्हती. चटणी कंपनीतल्या माणसाला देऊन टाकणार आहे.


रवि. ५ ऑक्टो.

आज पाव नव्हता.

पा.सा. आले, टेबल मांडलं, द्राक्षरसाच्या वाट्या भरल्या, आणि थाळीवरचं फडकं उचललं तर खाली काही नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वर्षानुवर्षं एक बाई आणते, म्हणून कोणाच्या ध्यानातच नाही. सु. बाजारात धावली. बेकरीत गोड बन तेवढे उरलेले. जिन्यात बसून ती त्यातली टुटीफ्रुटी वेचत होती, लाल हिरवे मणी पदरात. मी तिच्यावर नजर न टाकता वर गेलो.

पा.सां.नी सगळ्यांसमोर विचारलं, “मंदाताई बऱ्या आहेत ना?”

ज्यांनी ७ तारखेला पाहिलं होतं ते पायांकडे बघू लागले. आणि मी, मी म्हणालो, “गुडघ्याचं काहीतरी म्हणत होत्या.”

सु. दारात उभी होती. तिने ऐकलं. बन गोड होता, तोंडात फिरत राहिला.


शनि. ११ ऑक्टो.

गेलो. धारगळला डावीउजवीकडे न बघता गेलो.

कोरगावात विचारत विचारत घर सापडलं. बलकांवात (ओसरीवर) मंदाचे वडील बसलेले. हात सतत थरथरतात, कप दोन्ही हातांनी धरतात. म्हणाले, “या, बसा. मंदा मळ्यात गेली हा, येयत आता. शमुवेल म्हणजे तुमीच काय? ती तुमचा नाव काढी.” आत शेजारणीला हाक मारून चहा करायला लावला.

मला वाटलं, यांना सगळं माहीत असणार. माहीत नव्हतं. तेच मला विचारत होते. “पयल्या आयतारी पदेराचो भोंपू वाजायच्या आदी ही भायर उबी. आता पदेर हाक मारता तरी भायर येणा नाय. काय झाला सांगणा नाय. तुमका काय म्हायत असा?”

चहा खाली ठेवला. माझ्यामुळे, असं म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मंदा आली. भात कापणी चालू आहे, पायांना चिखल, हातात विळा. मला बघून थांबली. “दादा, वहिनी बरी?” म्हणाली. विहिरीवर पाय धुवायला गेली, मी मागोमाग.

सांगितलं. फोटोचं, थाळीचं. ती पायांवर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, “बाबांच्या हाताक कंप असा. चौकट डोक्यार पडली असती. म्हणान मी बांधलंय. पूजेक बसूक नाय, हात जोडूक नाय. ता बाबांक कदीच सांगलेला. ते म्हणाले, नको तर नको, बांदूक तरी ये. तुमी इचारला असतास तर सांगलं असतंय.”

विचारलं नव्हतं. इतकं साधं. एक फोन करायचा होता.

मग मी तेही सांगितलं, जे सांगायचं ठरवलं नव्हतं. “मंदाताई, ते मी माटोळीसाठी नाही केलं. तू माझ्या दगडाला हसलीस म्हणून केलं.”

“खयच्या दगडाक?”

तिला आठवतही नव्हतं. कोनशिला म्हटल्यावर आठवलं. ती ओळ बोलून ती विसरून गेली होती, आणि मी इकडे त्यावर एक आख्खा संदेश उभा केला, यिर्मयाला कामाला लावून.

मी माफ कर म्हटलं. तिने बादली खाली ठेवली. “माझो हात फुडे होतो, दादा. सगळ्यांनी बघितलो. थय सगळ्यांसमोर केलास, आनि माफी हय मागतास, विहिरीर, माका एकटीक? ह्या थय सांगा.”

“तू येशील?”

“ता मी आता सांगूचंय नाय.”

निघताना म्हाताऱ्याने दोन तवशी पिशवीत घातली. नको म्हणायची हिंमत झाली नाही.


रवि. १२ ऑक्टो.

सांगितलं नाही. आज फार कमी लोक होते, सगळे असताना सांगावं, असं ठरवलं. होशेयावर बोललो. पश्चात्तापावर. अगदी सर्वसाधारण बोललो. एका बाईच्या डोळ्यात पाणी आलं आणि मला परत बरं वाटलं. काय माणूस आहे मी!


गुरु. १६ ऑक्टो.

सु.ला सगळं सांगितलं. मोप्याचंसुद्धा. विमानाचं ऐकून म्हणाली, “चपात्या तरी गोड लागल्या काय?” मग म्हणाली, “मी पण त्या दिवशी तिथंच बसलेलो. माझ्या हातातला तुकडा मोडून तिला देता आला असता. न्हाई दिला.”

ती रडली. हे मला सुचलंच नव्हतं, की तिलाही काही सोसावं लागत असेल.

कोनशिला मोरीत नेली दोघांनी मिळून. अक्षरं खाली, पाठ वर. कपडे धुवायला बरी आहे म्हणते. अस्सल ग्रॅनाईट.


मंगळ. २१ ऑक्टो.

आज आंघोळीला गेल्यावर वाकून दगडाच्या कडेखाली बोट घालून बघितलं, अक्षरं झिजायला लागली की काय. घासलेली नाहीत हे कळल्यावर हायसं वाटलं. हे लिहिताना हात जड झालाय. अजून तिथेच आहे मी, मोरीत उकिडवा.


रवि. २६ ऑक्टो.

आजही नाही. दिवाळीला गावी गेलेले लोक परतले नाहीत, हे कारण. मागच्या रविवारी ते जाणार होते, हे कारण होतं.

माझं नाव ज्याच्यावरून ठेवलं त्याची गोष्ट काढून वाचली. शौल राजाला सांगितलं होतं, शत्रूचं काहीच राखू नको, त्याने केलं निम्मं. चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली आणि वर म्हणतो, देवासाठीच राखलीत, आणि लोकांनीच तसं केलं. म्हातारा संदेष्टा विचारतो, मग हे माझ्या कानावर येतंय ते मेंढरांचं ओरडणं कसलं? आजवर वाचताना मी शमुवेलाच्या बाजूने उभा असायचो, नावामुळे. या वेळी दुसऱ्या बाजूला उभं राहून वाचलं. अर्पण नको, ऐक, एवढंच मागणं आहे. तीन रविवार मी संदेश अर्पण करतोय.

दुपारी पा.सां.ना फोन लावून कबूल केलं. थाळी, दगड, सगळं. ते ऐकत राहिले. “तुम्हीच मंडळीत सांगाल काय, माझ्या वतीने?” असं विचारलं.

“तिचा हात मी वगळला होता काय?”

“नाही.”

“मग?”

वडीलपण काढून घ्या, असंही म्हटलं. म्हणाले, “ते नंतर बघू. ते काढून दिलं की सुटलो, असं वाटतंय ना तुम्हाला?”

वाटत होतंच.


शनि. १ नोव्हें.

उद्यासाठी पाव मी आणायचा ठरलाय. इथल्या पदेराला काल सांगून ठेवलं, सकाळी लवकर उंडे दे. सु.कडून कडा कशा कापायच्या ते शिकून घेतलं. सुरी वाकडी जाते, चुरा फार पडतो. मंदा गप्पा मारता मारता करायची.

तिला निरोप पाठवला, उद्या सांगणार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

लोक काय म्हणतील, हेच अजून पहिलं मनात येतं. देव काय म्हणेल, ते त्याच्या मागून. मंदाला काय झालं असेल ते सगळ्यात शेवटी.


रवि. २ नोव्हें.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. पा.सा. भाकर मोडणार एवढ्यात उठलो. कागद नेला नव्हता. टेबलाला धरलं. ७ सप्टेंबरला मी काय केलं ते सांगायला लागलो. निम्म्यावर आलो असेन, जिन्यात पावलं वाजली. मंदा. दारातल्या शेवटच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

मी थांबलो. वाटलं, पुढचं उरकावं.

पा.सा. म्हणाले, “पहिल्यापासून सांगा.” त्यांचा घसा आता चांगला झालाय.

पहिल्यापासून सांगितलं. तिच्याकडे बघून. पहिल्या खेपेला दगडाचं आणि गुडघ्याचं खोटं मी गाळलं होतं, या खेपेला तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. दगडाला तरी हसतील असं वाटलं होतं. सु. मान खाली घालून बसली होती, मग उठून मंदाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

थाळी दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं. पा.सां.नी ती माझ्याच हातात ठेवली.

ओळीओळीने गेलो. तुकडे लहानमोठे, वेडेवाकडे कापलेले. दारापाशी पोचलो. या वेळी तिचा हात पुढे नव्हता. पिशवीच्या बंदात बोटं अडकवून बसली होती. मी थाळी धरून उभा राहिलो. मागे सगळे आपापला तुकडा हातात घेऊन वाट बघत होते. हात भरून आले तरी थाळी खाली नाही घेतली. किती वेळ गेला कोण जाणे.

तिने बोटं सोडवली. एक तुकडा उचलला. मूठ मिटली.

पा.सां.नी सांगितलं, सगळ्यांनी खाल्लं. तिने खाल्ला की मुठीतच ठेवला, मला माहीत नाही. मी जमिनीकडे बघत होतो. लोकांच्या हातांवर नजर ठेवणं पुष्कळ झालं माझं.

शेवटचं गाणं संपायच्या आत ती उठली. म्हापशाची बस असते. सु. जिन्यापर्यंत गेली, काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सु. चहा घेऊन आली. म्हणाली, “पुढच्या महिन्याचा पाव कोण आणणार?”

“तोवर मी आणतो.”

“तोवर म्हणजे कधीपर्यंत?”

चहा पिऊन पदेराकडे गेलो, पुढच्या महिन्याचे उंडे सांगून आलो.